फ्रान्सच्या कालव्यात बोटीचं इंजिन तापलं तर काय करावं

इंजिनाचा भोंगा वाजला की काठावरचा प्रत्येक जण एकच सल्ला देतो: वेग कमी करा आणि हळूहळू पुढच्या लॉकपर्यंत (बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदापर्यंत) न्या. तसं अजिबात करू नका. अशा बोटींचं डिझेल इंजिन बहुधा कालव्याचंच पाणी आत ओढून थंड होतं. ते ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं एक चक्र असतं, त्याला इम्पेलर म्हणतात, आणि पाणी हेच त्याचं वंगण. पाणी तुटलं की ही पाती बघता बघता जळतात आणि दहा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस जातो.

भाड्याची बोट असेल तर ती बांधा, कंपनीच्या मेकॅनिकला फोन लावा आणि कॉफी ठेवा. पुढचं सगळं स्वतःची किंवा मित्राची बोट चालवणाऱ्यांसाठी.

मी बर्गंडी कालवा धरून सांगतो, कारण उन्हाळ्यात हे दुखणं तिथे हमखास भेटतं. साओन नदीपासून योन नदीपर्यंत २४२ किलोमीटर, १८९ लॉक, पाणी संथ आणि उथळ. ऊन वाढलं की पाणवनस्पती माजतात आणि थेट इंजिनाच्या नळीत शिरतात. साओनच्या काठी सँ-जाँ-द-लोनला बोटींच्या सामानाची चांगली दुकानं आहेत. कालव्यात शिरण्याआधी तिथूनच दोन इम्पेलर आणि पंपाच्या झाकणाचे गॅस्केट, म्हणजे गळती रोखणाऱ्या पातळ चकत्या, घ्या. रविवारी एखाद्या खेड्यात अडकलात तर पाव मिळेल, इम्पेलर नाही.

१. न्यूट्रल करा, गती आहे तोवर काठाकडे वळा, इंजिन बंद करा. मेखा ठोकून बांधा. झाडाला दोर बांधू नका. दक्षिणेतल्या मिदी कालव्यावरच्या चिनारांना २००६पासून बुरशीचा रोग लागलाय आणि दोराने सोललेल्या सालीतून तो आत शिरतो.

२. इंजिन निवेपर्यंत कूलंटचं झाकण उघडू नका. वाफेने हात भाजतो.

३. बोटीच्या तळाचा, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करा, त्या पाण्यातला कचरा अडवणारी गाळणी उघडा, शेवाळ काढा.

४. आता गाळणीचं झाकण परत बसवा. सगळं घोडं इथेच अडतं. मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त छळलंय.

गाळणी साफ केली, इंजिन सुरू केलं, तापमानाचा काटा पुन्हा चढला. मग लोक थर्मोस्टॅटला शिव्या घालतात, नवा पंप मागवतात. त्याआधी झाकणाखालचं रबरी कडं बोटाने चाचपून पाहा. पानाचा केसाएवढा देठ खाली राहिला तरी पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. गंमत अशी की गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर एक थेंबही गळत नाही. गळत नाही म्हणजे झाकण नीट बसलं, हे गृहीतकच चुकीचं आहे. कडं पुसा, त्याला सिलिकॉनचं वंगण लावा, गाळणी पाण्याने काठोकाठ भरा आणि मगच झाकण आवळा. व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका. झाकण पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना आत बुडबुडे दिसतात का ते बघा. दिसले तर हवा येतेय, पुन्हा उघडा.

इंजिन थंड करून झालेलं पाणी एक्झॉस्टमधून बाहेर पडायला हवं. बुडबुडे नाहीत, तरी ते पडत नाही? मग दोन शक्यता. पाणी ओढणाऱ्या तळाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल. तिची खूण ही की इंजिन बंद केलं की ती सुटते, थोडा वेळ सगळं छान चालतं आणि काटा पुन्हा वर. नाहीतर इम्पेलर गेला.

इम्पेलर बदलताना व्हॉल्व्ह बंद हवा. पंपाचं झाकण काढा, पाती कोणत्या बाजूला वाकलीत त्याचा फोटो घ्या आणि चक्र पकडीने सरळ ओढा. आता पाती मोजा. एकही तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, याबाबतीत मी हट्टी आहे. तुकडे पुढच्या नळीत, कोपऱ्याच्या जोडात किंवा हीट एक्स्चेंजरच्या (जिथे कालव्याचं पाणी कूलंटला थंड करतं) तोंडाशी अडकतात. सापडलेले फुटक्या कपासारखे जुळवून बघा, पूर्ण पातं झालं पाहिजे. ‘गेला असेल वाहून’ म्हणणाऱ्याचं इंजिन नव्या इम्पेलरवरही तापतं आणि तेव्हा दोष इम्पेलरला दिला जातो.

नव्या चक्राला भांड्यांचा साबण किंवा ग्लिसरीन लावा. ग्रीस नको, ते रबराला मानवत नाही. पाती फोटोप्रमाणे वाकवून, पंप फिरतो त्या दिशेने हलकेच फिरवत आत सारा. गॅस्केट नवं घाला.

५. बोट बांधलेलीच ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय आणि काटा स्थिर आहे, तरच दोर सोडा.

तरीही जमलं नाही तर मदत मागवताना ‘एका पुलाजवळ’ असं सांगू नका. या कालव्यावर लॉकचे क्रमांक कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्यापासून दोन्ही बाजूंना सुरू होतात. योनकडच्या आकड्यापुढे वाय, साओनकडच्या आकड्यापुढे एस. क्रमांक लॉकवरच्या घरावर लिहिलेला असतो. अक्षर गाळलंत तर मेकॅनिक डोंगराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसेल.

आणि पुई-आन-ऑक्सुआच्या बोगद्याआधी, काटा कितीही शहाण्यासारखा वागत असला तरी, गाळणी एकदा उघडून साफ करा. बोगदा ३,३३३ मीटरचा आहे, एका वेळी एकाच दिशेने वाहतूक चालते आणि आत काठ नाही, मेख ठोकायला जागा नाही.