पाहुण्यांना घेऊन वर्ध्याकडे: आधी संध्याकाळ ठरवा

पाहुण्यांना नागपूरहून एका दिवसासाठी वर्ध्याकडच्या वावरात, म्हणजे शेतात, न्यायचं, तर त्या दिवसाची यादी सकाळपासून नाही, संध्याकाळपासून लिहायला घ्यायची. डिसेंबरात नागपूरकडे सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. मुंबई-पुण्याहून आलेल्या मंडळींच्या हे लक्षातच येत नाही, कारण त्यांच्याकडे सूर्य अर्ध्या तासाच्या आसपास उशिरा बुडतो. "अजून उजेड आहे की!" म्हणत ते वावरातच रेंगाळतात. इकडे यजमान म्हणतात, "चहा तर घ्या न राजेहो." त्यात सहा वाजतात. मग अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, कापसाने भरलेली बंडी (बैलगाडी), धुऱ्यावरून (बांधावरून) एकदम रस्त्यात येणारा रोही (नीलगाय) किंवा रानडुकरांचा कळप, यांतलं काहीतरी समोर येणारच. म्हणून उजेड असेपर्यंत गावरस्ता सोडून मोठ्या रस्त्याला लागायचं, हा पहिला नियम, आणि बाकीचं सगळं त्यावरून मागे मागे मोजत जायचं. पाचला वावरातून गाडी हलायची तर चार वाजता चहाचं आधण चढलेलं हवं, दीडपर्यंत जेवणं सुरू व्हायला हवीत, आणि घरून सातच्या पुढे निघून चालणार नाही.

जायचं एकाच दिशेला. पाहुण्यांना नकाशावर रामटेकही जवळ दिसतं आणि सेवाग्रामही, पण रामटेक नागपूरच्या ईशान्येला पन्नासेक किलोमीटर आणि सेवाग्राम नैर्ऋत्येला पंचाहत्तर-ऐंशी. एका दिवसात दोन्ही करायला निघालात तर मोठी माणसं दोन्हीकडे गाडीतच बसून राहतील. रामटेक करायचंच असेल तर त्याला वेगळा दिवस द्या. गडावर प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, तिथली काळतोंडी वानरं पिशवी तुमच्याआधी बघतात. आमचा कल वर्ध्याकडे, कारण त्या बाजूला गाव आहे, वावर आहे, आणि वाटेत थांबायला तीन जागा अशा आहेत की लहान-मोठे सगळे रमतात.

बुटीबोरी मागे टाकली की केळझर येतं. टेकडीवरचा गणपती बघायचा आणि पोरांना सांगायचं की भीमाने बकासुराला मारलं ती एकचक्रानगरी हीच, असं इथले लोक मानतात. एवढ्यावर पोरं पुढची वीस मिनिटं गप्प बसतात. मग धाम नदीकाठी पवनारचा विनोबांचा आश्रम. इथे घाई नको. शेत खणताना विनोबांना सापडलेलं भरत-भेटीचं शिल्प तिथेच आहे, ते आवर्जून दाखवा. सेवाग्रामला गांधीजी 1936 मध्ये राहायला आले. बापूकुटीत चपला काढून, आवाज खाली आणून जायचं, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवलं की तिथे डोळे वटारावे लागत नाहीत. साप पकडून न मारता दूर सोडायचा म्हणून ठेवलेला चिमटा आणि पिंजरा दाखवला की मुलांचे प्रश्न सुरू होतात. उत्तरं देणारा कोण, ते आधी ठरवून ठेवा. आणखी एक गोष्ट कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून इथे लिहिते: वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. मुंबईच्या मावसाजींच्या बॅगेत काही 'औषध' असेल तर ते नागपुरातच कपाटात राहू द्या.

आता माणसांची यादी, जी सामानाच्या यादीपेक्षा महत्त्वाची. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला गाडी लागते, कोणाची साखरेची गोळी जेवणाआधी असते, कोणाला दर तासाला उतरावं लागतं, हे आदल्या दिवशी एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. सगळ्यांसमोर विचारलंत तर आत्याबाई "मला काही नाही होत" असंच म्हणणार. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, मग तो वयाने धाकटा का असेना, आणि मानाची जागा पुढचीच असते असं समजणाऱ्या जावईबापूंना खिडकी द्या. उलटीची गोळी द्यायची झाली तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, केळझर आल्यावर नव्हे. औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, ज्याची त्याच्या हातातल्या पिशवीत. मधुमेहाच्या माणसाजवळ फुटाणे आणि बिस्किटं वेगळी असू द्या, कारण वावरातलं जेवण घड्याळाप्रमाणे होत नाही. स्वच्छतागृहाचं म्हणाल तर हमरस्त्यावरचा मोठा पेट्रोल पंप दिसला की सगळ्यांना उतरवायचं, गरज असो नसो. पुढे गावात सोय कशी असेल त्याचा भरवसा नाही.

कपड्यांत पाहुणे हमखास फसतात. मुंबईच्या घरात स्वेटर नसतो आणि इथे सकाळी सातला पारा दहा-बाराच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली. दुपारी मात्र पंखा हवासा वाटतो. म्हणून आपल्याच कपाटातले जुने स्वेटर, शाली, कानटोप्या एका पिशवीत भरा. पायात बंद बूट हवेत. पराटीच्या (कपाशीच्या) वाळल्या काड्या आणि गोखरू सँडलमधून सरळ तळव्याला लागतात, आणि मग फोटोसाठी हौसेने वावरात गेलेली वहिनी धुऱ्यावर बसून काटा काढत राहते.

काळ्या मातीबद्दल पाहुण्यांना कितीही सांगा, पटत नाही. दोन दिवसांत पाऊस झालेला असेल (डिसेंबरात अवकाळी येतोच एखादा) तर पांधणीत, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेत, गाडी घालायचीच नाही. वरून वाळलेली दिसते, खाली चिखल असतो, चाक जागीच फिरत राहतं आणि शेवटी बैलजोडी आणावी लागते. गाडी डांबरी रस्त्याला उभी करून पायी जायचं, आणि म्हाताऱ्यांसाठी बंडी मागवायची. त्यांना ती गाडीपेक्षा जास्त आवडते. फोनवरचा नकाशा गावाजवळ पांधणीलाच रस्ता समजून तिकडे वळायला लावतो, तेव्हा शेवटचे चार-पाच किलोमीटर गावातल्या माणसाला फोनवर विचारत जा.

वावरात पोचल्यावर काय करायचं नाही, हेही तयारीतच येतं. बागेचा मालक ओळखीचा असला तरी संत्रं ओढून तोडू नये. देठाशी साल फाटते आणि ते फळ टिकत नाही, म्हणून कात्रीने देठासकट काढतात. शिवाय संत्री असतील का, हे आधी विचारा. आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलांवर धरलेल्या फळांची) तोडणी डिसेंबरात संपत आलेली असते आणि मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची) फळं तेव्हा हिरवी असतात, ती फेब्रुवारी-मार्चकडे पिकतात. "नागपूरला आलो आणि झाडावर संत्रं नाही" हे तोंड मग दिवसभर बघावं लागतं. कापसाचंही तसंच. वेचताना वाळला पाला सोबत आला की मालाचा भाव उतरतो, म्हणून फोटोपुरतं एक बोंड हातात घ्या आणि बाकी वेचणाऱ्या बायांवर सोडा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फवारणी कधी झाली ते विचारणं. तुरीवर या दिवसांत शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी औषध मारतात. पोट्टे सरळ शेंग तोडून तोंडात टाकतात, त्यांना आधीच बजावून ठेवा. शेंगा धुऊन, उकडून, मीठ लावून खायच्या.

जेवणाचं गावच्या मोठ्याईला (तिथल्या घरच्या थोरल्या बाईला) दोन दिवस आधी कळवायचं, आणि माणसांचा आकडा ड्रायव्हरदादासकट सांगायचा. रोडगे (निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे) करायचे असतील तर गोवऱ्यांचा जाळ लागतो, निखारे व्हायला वेळ लागतो, आणि पीठही जाडं दळून हवं. सकाळी फोन करून "रोडगेच करा बरं" म्हणणं म्हणजे त्या बाईचा जीव घेणं आहे. वांग्याची भाजी तिची ती झणझणीतच करणार, तेव्हा मुलांसाठी आणि पुण्याच्या लोकांसाठी एक छोटा गंज (पातेलं) आधी बाजूला काढून ठेवा आणि तर्री वरून ज्याची त्याने घ्यावी. सोलेभात (ओल्या दाण्यांचा भात) असेल तर मात्र मुलं बिनबोभाट जेवतात. पैसे देऊ केले तर मोठ्याईला राग येईल. तेल, गूळ, चहापत्ती, साखर गाडीतून नेऊन गुपचूप स्वयंपाकघरात ठेवायची. सकाळसाठी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं, सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) आवडत असेल तर तीही. पाण्याचा वीस लिटरचा जार, चहाचा थर्मास, दोन सतरंज्या, जुने पेपर, कचऱ्याला एक रिकामी पिशवी. ती पिशवी भरून परत नागपूरला आणायची, धुऱ्यावर सोडून यायची नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. स्टेपनीत हवा, जॅक, फास्टॅगमध्ये पैसे, विमा आणि पीयूसीची तारीख, हे सगळं आदल्या दिवशी दिवसाउजेडी बघून घ्यायचं. गाडी भाड्याची असेल तर ड्रायव्हरसकट येणारी, पिवळ्या पाटीचीच घ्या. किलोमीटर, टोल, पार्किंग आणि उशीर झाल्यास वेगळे पैसे किती, हे मालकाशी बोलून लिहून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर 1033, एरवी 112, रुग्णवाहिकेला 108, हे तीन आकडे कमीत कमी दोघांच्या फोनमध्ये हवेत. सुटे पैसे घ्या, गावात रेंज गेली की फोनमधले पैसे फोनमध्येच राहतात.

डिकीचा एक कोपरा जाताना रिकामा ठेवा. परतताना तुरीच्या शेंगा, ओले हरभरे, वांगी, सांबाराच्या जुड्या, एवढं तरी मोठ्याई देतेच, आणि नाही म्हणायची सोय नसते. पाहुण्यांत सून किंवा भाची असेल तर तिची ओटी भरली जाईल, तेव्हा एक कापडी पिशवी जास्तीची. आपल्याकडूनही मोठ्याईसाठी ब्लाउजपीस आणि नारळ विसरू नका.

आदल्या रात्री नऊपर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप टाका: निघायची वेळ, बूट, स्वेटर, औषधं. गाडीची टाकी रात्रीच भरून ठेवा. आणि झोपायच्या आधी मोठ्याईला पुन्हा एकदा फोन करून माणसांचा आकडा सांगा, कारण तोवर दोन जण हमखास वाढलेले असतात.