तोंडातून एअरवे टाकताना या चुका टाळा

‘एअरवे टाकलाय’, म्हणजे श्वासाची वाट मोकळी ठेवणारी नळी तोंडात घातलीय, असं कुणीतरी म्हणतं, सगळे पुढच्या कामाला लागतात आणि पेशंट घोरतच राहतो. कॅज्युअल्टीत हा आवाज कानावर पडला की हातातलं सोडून तिकडे वळायला हवं. बेशुद्ध माणसाचं घोरणं ही झोप नव्हे, त्याची श्वासाची वाट अर्धी बंद आहे. आवाजच येत नसेल, पण छाती आत जाते तेव्हा पोट फुगतं आणि पोट बसतं तेव्हा छाती वर येते असं दिसत असेल, तर वाट पूर्ण बंद झालेली असू शकते.

शुद्ध हरपली की जबड्याचे आणि जिभेचे स्नायू सैल पडतात. माणूस उताणा असेल तर जीभ मागे पडून घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. त्या जिभेला मागून आधार देऊन पुढे धरणारी वाकडी प्लास्टिकची नळी म्हणजे गुडेल एअरवे. अमेरिकन भूलतज्ज्ञ आर्थर गुडेल यांनी ती १९३३ साली मांडली. जीभ धरून ठेवणं एवढंच तिचं काम. ती श्वास देत नाही आणि उलटी फुप्फुसात जाण्यापासून अडवतही नाही. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अर्धवट शुद्धीतल्या पेशंटला एअरवे टाकणं. तो गिळतोय, खोकतोय, जीभ हलवून नळी बाहेर ढकलतोय, म्हणजे त्याचा घसा जागा आहे. तिथे जोर केला तर उलटी होईल, नाहीतर स्वरयंत्र आवळून उरलीसुरली वाटही बंद होईल. अशा वेळी जबडा उचलून धरा, कुशीवर वळवा किंवा नाकातून टाकायचा एअरवे वापरा. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असण्याची शंका असेल, तर मात्र नाकाच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी चूक मापाची. ट्रॉलीत हाताला लागेल तो एअरवे उचलला जातो. मोठ्या माणसांसाठी साधारण हिरवा ८०, पिवळा ९० आणि लाल १०० मिलिमीटरचा असतो. कडेवर छापलेले नंबर कंपनीगणिक वेगळे असू शकतात, म्हणून मिलिमीटर बघा. माप पेशंटच्या गालावरच घ्यायचं: एअरवेची चपटी कड तोंडाच्या कोपऱ्याशी धरली, की टोक जबड्याच्या कोनापर्यंत पोचलं पाहिजे. लहान पडला तर टोक जिभेच्या मध्यावर रुतून तिला आणखी मागे ढकलतं. मोठा झाला तर श्वासनलिकेवरचं झाकणच खाली दाबतो. दोन्ही प्रकारांत आपणच वाट बंद करतो. मापायला पाच सेकंदही लागत नाहीत.

टाकण्याआधी तोंडात टॉर्च मारून बघा. रक्त, उलटी, सैल कवळी, हलणारा दात, जे असेल ते आधी बाहेर काढा. मोठ्यांमध्ये एअरवेचं टोक टाळूकडे ठेवून आत न्यायचं आणि मऊ टाळूपाशी पोचलं की अर्धा फेरा फिरवायचा. लहान मुलांत हा फेरा नको. त्यांचा टाळू नाजूक असतो, सोलून रक्त येतं. टंग डिप्रेसरने जीभ खाली दाबून सरळ, जिभेच्या वळणाने सरकवा. मग एकदा बोट फिरवून खालचा ओठ दात आणि एअरवेच्या मधे चिमटला नाही ना, ते बघा.

आता हात सोडण्याबद्दल. इंटर्नशिपमध्ये एका रात्री फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी आला होता. तोंडाला फेस, शुद्ध नाही. मी एअरवे टाकला आणि शीर शोधायला त्याच्या हाताकडे वळलो. मागे सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या मशीनच्या, टिकटिकीचा सूर खाली खाली जात होता, मला मात्र फक्त शीर दिसत होती. सिनियर सिस्टरांनी माझा हात धरला, परत त्याच्या जबड्याखाली ठेवला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हा हात इथून काढायचा नाही. सलाईन मी लावते.” जबडा वर आला आणि सूर चढू लागला. एअरवे आत असला तरी मान मागे आणि हनुवटी वर लागतेच. मानेला इजा असण्याची शंका असेल, तर मान न वाकवता फक्त जबडा पुढे उचला.

टाकल्यावरही घोरतोय? आधी जबडा उचला, मग घशात सक्शन द्या, म्हणजे नळीने आतली थुंकी-उलटी ओढून काढा, मग माप पुन्हा बघा. तरीही आवाज राहिला तर एअरवे काढून नव्याने टाका. त्यानेही भागलं नाही तर वेळ न घालवता भूलतज्ज्ञांना बोलवा.

वाट मोकळी झाली, पण छाती हलत नाही? मग अंबू बॅग, म्हणजे तोंडानाकावर मास्क धरून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. नाडी लागत असलेल्या मोठ्या माणसाला ६ सेकंदांनी एक श्वास, छाती जेमतेम उचलेल इतकाच. घाईघाईने जोरात दाबलं की हवा पोटात जाते आणि पोटातलं घशात येतं. नाडीच लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, एअरवेसाठी ते थांबवू नका.

दातखिळी बसली असेल तर एअरवे दातांतून कोंबू नका. घरी फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालतात, तेही करू नका. दात तुटून आत जातो. ज्यांना प्रशिक्षण नाही त्यांनी माणसाला कुशीवर वळवून १०८ला फोन करावा.

एअरवे चिकटपट्टीने गालाला कधीही चिकटवू नका. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला तो जिभेने बाहेर ढकलता आला पाहिजे. तो ओकारी द्यायला लागला की नळी न फिरवता, तिच्याच वळणाने खाली हनुवटीकडे ओढून काढा. लगेच कुशीवर वळवा आणि सक्शनची नळी हातात ठेवा.