जुन्या टीव्हीची लाकडी पेटी: घासण्याआधी एवढं पाहा

शटरवाल्या जुन्या टीव्हीची पेटी सहसा अखंड सागवानी नसते. आत प्लायवूड किंवा भुशाचा बोर्ड आणि वर जेमतेम अर्धा मिलिमीटर व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. म्हणून मशीनचा सँडर लावूच नका. एकदा व्हिनियर उडालं की परत येत नाही.

पिक्चर ट्यूब आधी जाणकार मेकॅनिककडून उतरवून घ्या. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

मग मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. मग खरवडायची गरजच नाही: टर्पेंटाइनने मेणमळ काढा, ३२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने हलका हात मारा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पातळ हात द्या. सुटलेल्या कडांखाली आधीच फेव्हिकॉल भरून, वर प्लास्टिक व सपाट फळी ठेवून रात्रभर क्लॅम्प लावा.

नाशिकच्या पावसाळ्यात मात्र पॉलिश नकोच. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी दुपार उत्तम; पहाटेच्या गारठ्यात, दव असताना हात देऊ नका.