पोत्यात भरलेली फियाट: खोललेल्या जुन्या गाडीचा भाव कसा काढावा

फैजपूर-सावदा-रावेरच्या केळीपट्ट्यात, अमळनेर-चाळीसगावकडच्या वाड्यांत, शहाद्याच्या मळ्यांत अशा गाड्या अजून निघतात. कधीतरी ‘इंजिनाचं काम’ म्हणून फियाट किंवा जीप खोलली, मिस्त्री गाव सोडून गेला, मालक थकले. सांगाडा शेडमध्ये राहिला आणि बाकीचं पोत्यांत गेलं. आता मुलं ती विकायला काढतात आणि बघायला येणाऱ्याला सांगतात, “बठ्ठं शे भाऊ, फक्त जोडनं बाकी शे.” म्हणजे सगळं आहे, फक्त जोडायचं बाकी आहे.

सांगणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पोत्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. म्हणून भाव काढताना समोर पडलेल्या लोखंडापेक्षा काय हरवलंय आणि त्यातलं काय पुन्हा मिळणारच नाही, हे आधी शोधावं लागतं.

आधी कागद, मग पाना

आरसी बुक पाहिल्याशिवाय पोत्याला हात लावू नका. मालक हयात नसतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर होते, त्याचा फॉर्म ३१. मग २९ आणि ३० भरून ती तुमच्या नावावर येते. भावाभावांत एकमत नसेल तर तिथेच थांबा. एमएच-१९ (जळगाव) किंवा एमएच-१८ (धुळे) येण्याआधीचा, तीन अक्षरी जुना नंबर असेल तर त्याची नोंद आरटीओच्या संगणकावर चढली आहे का, तेही विचारा.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. वायर ब्रशने घासा, रॉकेलचा बोळा फिरवा, टॉर्च तिरका धरा, फोटो काढा आणि आरसीवरचा एकेक आकडा जुळवा. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, खाजगी वापराची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि आधीचा नोंदणी क्रमांक असेल तर तो कायम ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. त्यामुळे दुसऱ्याच गाडीचं इंजिन पोत्याशेजारी पडलेलं असेल तर भाव तिथेच उतरतो. जीपमध्ये हे फार दिसतं. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं आणि आरसीवर अजून पेट्रोलच असतं.

ताडपत्री अंथरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोकळ्या जागेत मोठी ताडपत्री अंथरा, सगळी पोती ओता आणि भाग गाडीच्या आकारात मांडा. पुढचा बंपर पुढे, त्यामागे ग्रील आणि हेडलाइटच्या रिंगा, मधे मीटर आणि स्टीअरिंग, दोन्ही बाजूंना दरवाज्यांची हँडल्स आणि काचा, मागे टेललाइट. काय नाही ते रिकाम्या जागा स्वतःच दाखवतात. यादी हातात घेऊन शोधत बसावं लागत नाही. डालड्याच्या डब्यातले स्क्रू, क्लिपा, वायसरही ओतून बघा. काचेच्या पट्टीची क्लिप हाताच्या नखाएवढी असते, पण ती नसेल तर पट्टी बसत नाही.

मग तीन ढीग मनात करा. रबर, होज, ब्रेकचे वायसर, वायरिंग, सीट कव्हर हे सगळं नवंच घ्यायचं, असलं काय नि नसलं काय. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात इतकी वर्षं पडलेलं रबर हातात भुगा होऊन येतं. दुसरा ढीग बाजारात मिळणाऱ्या भागांचा. पद्मिनी, म्हणजे फियाटचंच पुढचं रूप, कित्येक वर्षं मुंबईत टॅक्सी म्हणून धावली, त्यामुळे तिचं यांत्रिक सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतं. दिल्लीचं काश्मिरी गेटही आहे.

तिसऱ्या ढिगात खरा पैसा आहे. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ‘डुक्कर फियाट’ असेल तर तिची ग्रील, मोनोग्राम, मीटर, हॉर्नची रिंग, क्रोमच्या पट्ट्या शोधता शोधता वर्ष निघून जातं. दरवाज्याची सपाट काच गावात कापून मिळेल, मागची वक्र काच मिळणार नाही. या ढिगातली एक वस्तू कमी असली तरी तिची किंमत अंदाजे नका धरू. फोन करून भाव विचारा, मगच लिहा.

पत्रा

फियाट आणि अँबेसिडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच गाडीचा कणा. दरवाज्याखालचा सिल (उंबरठ्यासारखी पत्र्याची पट्टी), फ्लोअर आणि जॅक लावायची जागा कुजली असेल तर ते काम रंगाचं राहत नाही. अँबेसिडरमध्ये पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी लांब दांडी) जिथे धरलेला असतो, ती जागा खास बघा.

खानदेशची कोरडी हवा पत्र्याला कोकणापेक्षा पुष्कळ बरी. पण सांगाडा काळ्या मातीवर टेकलेला असेल तर पावसाळाभर ओल खालून चढते. त्याहून वाईट म्हणजे त्याच शेडमध्ये ठेवलेल्या खताच्या गोण्या. खताचा खार हवेतली ओल ओढतो आणि पत्रा खातो. रेडिएटर आणि कार्बोरेटरचं पितळ हिरवं पडलेलं दिसलं तर आतला पत्राही ठोकून बघा. जाड स्क्रू ड्रायव्हरने सिल दाबा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाज्यांवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे.

जीपचं गणित वेगळं. तिला स्वतंत्र चेसिस आहे आणि बॉडी नवी बनवून मिळते, म्हणून पत्रा कुजलेला असला तरी घाबरू नका. चेसिस, मूळ इंजिन आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) पाहा.

इंजिन आणि जोडीचे भाग

बंद इंजिन हाताने फिरतं का एवढं तरी कळतं. खोललेल्यात तेही नाही. म्हणून मोजमाप करा. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मि.मी. असतो. लेथवाल्याला बोअर गेज घेऊन सोबत न्या. त्याची मजुरी वसूल होते. बोअर आधीच बराच वाढवलेला निघाला तर पुढे स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) घालावी लागेल. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा कोरलेला असतो, तोही वाचा.

खूप लोक चुकतात ते जोडीच्या भागांत. क्रँकच्या मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकसोबत एकत्र बोअर केलेल्या असतात, कनेक्टिंग रॉडच्या कॅपही त्या त्या रॉडसोबतच. त्यांच्यावरचे नंबर जुळवा. एक मेन कॅप हरवली असेल तर दुसऱ्या इंजिनाची आणून बसवता येत नाही, लाइन बोअरिंग, म्हणजे सगळ्या कॅप बसवून एका रेषेत पुन्हा बोअर करणं, भाग पडतं. मागच्या एक्सलचा क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकंही जोडीचीच हवीत. मिसळले तर गाडी रडत चालते.

आकडेमोड

आता कागद घ्या. अशीच पूर्ण तयार झालेली गाडी आज प्रत्यक्ष कितीला विकली जाते, तो आकडा वर लिहा. जाहिरातीत मागितलेला नव्हे. समजा तो ४,५०,००० आहे. डेंटिंग-पेंटिंग १,२०,०००, इंजिन ६०,०००, क्रोम ४०,०००, सीट आणि छत ३५,०००, ब्रेक-वायरिंग-टायर ५०,०००, हरवलेले भाग ३०,०००. बेरीज ३,३५,०००. त्यावर २५ टक्के अनपेक्षित खर्च धरा, म्हणजे आणखी ८४,००० च्या आसपास. उरतात ३१,०००. तुमचा भाव हाच, आणि त्यातच टेम्पोचं भाडं. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही मिस्त्रीकडून लेखी घ्या. पण २५ टक्के सोडू नका. खोललेल्या गाडीत तो खर्च होतोच, आणि म्हणूनच ती जोडलेल्या बंद गाडीपेक्षा स्वस्तच घ्यावी.

उत्तर भंगाराच्या भावाखाली आलं तर विक्रेत्याला तसं सरळ सांगा, कागद दाखवा. “नाना, हा हिशेब बघा” म्हटलं की बहुतेक माणसं बघतात. गाडी त्यांच्या वडिलांची असते. घासाघीस करताना तिला भंगार म्हणू नका.

सौदा ठरला की ताडपत्रीवरच्या मांडणीचा व्हिडिओ काढा. पावतीवर चेसिस आणि इंजिन नंबर लिहून घ्या, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. सांगाड्याला १४ फुटी टेम्पो लागेल. सांगाडा, पोती, डबे, तुटकी ग्रीलसुद्धा एकाच खेपेत उचला. ‘उरलेलं नंतर नेऊ’ म्हणून ठेवलेलं पोतं पुढच्या वेळी भंगारवाल्याकडे गेलेलं असतं.