खड्गदंती मार्जाराची शिकार मुलांना कशी समजावावी

बडोद्यातील मराठी घरांतून मुलांना कमाटी बागेत नेण्याची प्रथा जुनी आहे, आणि सिंहाच्या पिंजऱ्यापुढे उभे राहिले की कोणीतरी सेबर-टूथचा, म्हणजे लांब सुळ्यांच्या नामशेष खड्गदंती मार्जाराचा, विषय काढतोच. ‘एवढे मोठे सुळे होते, ते खुपसले की जनावर मेले’ असे उत्तर देऊन बहुधा वेळ मारून नेली जाते. परंतु स्मिलोडॉन या खड्गदंती मार्जाराच्या शिकारीत सुळ्यांचे काम सर्वांत शेवटी येत असे. म्हणून समजावणेही सुळ्यांपासून सुरू न करता पुढच्या पायांपासून करावे.

पिंजऱ्यातील वाघ-सिंहाला डिवचू नये. तो आपसूक उठून चालू लागेपर्यंत थांबावे आणि मुलाला त्याचे खांदे व शेपूट पाहायला सांगावे. स्मिलोडॉनचे पुढचे पाय याहूनही दणकट होते, त्यांतील दंडाच्या हाडाची भिंत विशेष जाड होती, मागचे पाय त्या मानाने आखूड होते आणि शेपूट तर अगदीच तोकडी होती. अशा बांध्याचा प्राणी लांबवर पाठलाग करणारा नव्हे. तो दबा धरून जवळ येणारा आणि झडप घालून बैलाएवढ्या जनावराला पंजांनी जमिनीवर दाबून धरणारा. लॉस एंजेलिस येथील ला ब्रेआच्या डांबराच्या खड्ड्यांतून दोन हजारांहून अधिक स्मिलोडॉनांचे अवशेष निघाले आहेत, आणि त्यांपैकी अनेकांच्या खांद्याला व कमरेजवळच्या मणक्यांना झालेल्या दुखापती याच झटापटीची साक्ष देतात.

दाबून धरण्याची एवढी गरज का होती, हे घरी खडूने दाखवता येते. खडू पाटावर उभा धरून वरून दाबल्यास तो बऱ्यापैकी तग धरतो. त्याच खडूला आडवा हिसका दिला की त्याचे दोन तुकडे होतात. सिंहाचा सुळा दाभणासारखा गोलसर असल्याने कोणत्याही बाजूचा ताण सोसतो, तर स्मिलोडॉनचा सुळा विळीच्या पात्यासारखा वक्र आणि दोन्ही बाजूंनी चपटा होता. धडपडणाऱ्या जनावराच्या मानेत तो रोवला असता, तर मोडण्याचा धोका मोठा होता. (विळी दाखवायची असेल तर ती मोठ्यांनीच हाताळावी.)

आता जबडा. जाड पुठ्ठ्याच्या १५ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घेऊन त्यांची एकेक टोके टाचणीने जोडावीत, म्हणजे त्या कात्रीसारख्या उघडतील. वरच्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला काटकोनात ६ सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा सुळा चिकटवावा. उत्तर अमेरिकेतील स्मिलोडॉन फॅटॅलिसचा सुळा मुळासकट सुमारे १८ सेंटिमीटर भरत असे आणि त्याचा बराच भाग हाडात रुतलेला असे, म्हणून अर्ध्या आकाराच्या नमुन्याला हे माप चालते. कंपासपेटीतील कोनमापक लावून जबडा आधी ६५ अंश उघडावा. सिंहाचा जबडा साधारण एवढाच उघडतो. सुळ्याचे टोक आणि खालच्या पट्टीचे टोक यांत सुमारे साडेअकरा सेंटिमीटर अंतर उरेल. मग तोच जबडा १२० अंशांपर्यंत न्यावा, कारण स्मिलोडॉनला तेवढा उघडता येत असे. अंतर साडेतेवीसच्या आसपास जाते. जाड मान तोंडात मावण्यासाठी ही जागा लागते, हे मुलाच्या हातातच कळते.

या आवाक्याची किंमतही होती. २००७ साली संगणकावर केलेल्या अभ्यासात स्मिलोडॉनच्या चाव्याचा जोर तेवढ्याच वजनाच्या सिंहाच्या सुमारे एक-तृतीयांश निघाला. त्यामुळे निव्वळ जबडा मिटून भागत नव्हते. उणीव मानेचे भक्कम स्नायू भरून काढत आणि सगळे डोके खाली ओढून सुळे आत घालत, असा बहुतेक संशोधकांचा निष्कर्ष आहे. सिंह गळा धरून कित्येक मिनिटे श्वास कोंडतो. येथे मात्र रक्तवाहिन्या व श्वासनलिका कापली जाऊन काम लवकर आटपत असावे. घाव पोटावर बसत असे, असेही मत मांडले गेले आहे. मला गळाच पटतो, कारण आडव्या पडलेल्या जनावराच्या लाथांपासून तोच भाग दूर असतो.

सगळ्या खड्गदंतींना हेच वर्णन लावू नये. होमोथेरियम या दुसऱ्या खड्गदंतीचे सुळे आखूड, चपटे व करवतीसारख्या काठांचे होते आणि पाय लांब होते, त्यामुळे त्याची शिकारीची रीत वेगळी होती. आपल्याकडे शिवालिक टेकड्यांत मेगँटेरिऑन या आणखी एका खड्गदंतीचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे हे कुळ केवळ अमेरिकेचे नव्हते. ‘वाघ’ हा शब्दही टाळावा, कारण हे प्राणी वाघाचे पूर्वज नव्हते.

शेवटी टॉवेल घट्ट गुंडाळून मान म्हणून जमिनीवर ठेवावा. मुलाने प्रथम दोन्ही तळहातांनी तो दाबावा, मग दुसऱ्याने नमुन्याची खालची पट्टी टॉवेलला टेकवून वरची पट्टी सुळ्यासकट खाली आणावी. हात सोडून पुन्हा तसेच करावे आणि टॉवेल हलवावा. सुळा वाकून निखळतो.