वाचनयादीत ग्रंथालयाच्या लिंक देताय? या चुका टाळा

दर सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात मला ठरलेला मेल येतो: "ग्रंथालयाची लिंक चालत नाही." ग्रंथालय व्यवस्थित चालू असतं. लिंक ॲड्रेस बारमधून उचललेली असते.

डेटाबेसमध्ये शोधून लेख उघडला की वर जो लांबलचक पत्ता दिसतो, तो बहुतेकदा लेखाचा नसतो, तुमच्या त्या भेटीचा असतो. त्यात 'सेशन' किंवा 'एसआयडी' आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ दिसली की हात आवरा. सेशन संपलं की पत्ताही संपला.

एका सरांनी मला चौदा लेखांची यादी पाठवली होती, "एकदा बघून घ्या" म्हणून. मी त्याच दुपारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दोन-तीन लिंक उघडल्या. उघडल्या, म्हणून "छान आहे" कळवून मोकळी झाले. सेशन अजून जिवंत होतं, एवढंच. निबंध जमा करायच्या आदल्या रात्री एका विद्यार्थिनीने स्क्रीनचा फोटो पाठवला: 'तुमचं सेशन संपलं आहे.' चौदाच्या चौदा. सर म्हणाले, "माझ्याकडे तर चालत होत्या!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, ब्राउझरची खाजगी विंडो, आणि तेही दुसऱ्या दिवशी. लॉगिन मागून लेख उघडला तरच लिंक पास. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवत नसेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री फोन घ्यायची तयारी ठेवा.

टिकणारी लिंक लेखाच्या पानावरच असते. 'पर्मालिंक' शोधा. जेस्टोर या लेखांच्या डेटाबेसवर तिला 'स्टेबल यूआरएल' म्हणतात. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर मी दुसरीकडे बघतही नाही. १० ने सुरू होणारा तो क्रमांक 'डीओआय डॉट ओआरजी स्लॅश'च्या पुढे लावायचा. प्रकाशकाने वेबसाइट बदलली, तरी नव्या पत्त्याची नोंद त्याने तिथे केली की तीच लिंक चालते. पीडीएफमधून कॉपी करताना मात्र वाक्याचा पूर्णविराम शेवटी चिकटून येतो, आणि तेवढ्या एका टिंबापायी 'डीओआय सापडला नाही' असं उत्तर मिळतं.

आता प्रॉक्सी, म्हणजे कॅम्पसबाहेरच्या विद्यार्थ्याला लॉगिन करून ग्रंथालयामार्फत आत सोडणारी सोय. नुसती पर्मालिंक कॅम्पसवर चालते. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला तीच लिंक लेख विकत घ्यायला सांगते. म्हणून लिंकच्या आधी ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचा भाग जोडावा लागतो, जो साधारण 'लॉगिन, प्रश्नचिन्ह, यूआरएल, बरोबर' असा संपतो. काही डेटाबेस तो स्वतःच जोडून देतात. ते न बघता आपणही जोडायचा, म्हणजे दुहेरी प्रॉक्सी आणि एररचं पान. नक्की काय जोडायचं ते ग्रंथपालांना विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

लिंक छोटी करणाऱ्या सेवा वापरू नका. सेवाच बंद पडली, तर लिंकही जाऊ शकते. गूगलने स्वतःच्या तसल्या सेवेत नव्या लिंक करणं २०१९ मध्ये बंद केलं.

"त्यापेक्षा पीडीएफच चढवतो" हा शॉर्टकट तर मला अजिबात खपत नाही. एक तर परवान्यात ते बसतंच असं नाही. शिवाय लेखात पुढे दुरुस्ती झाली, तर तुमच्या वर्गापुढे जुनीच प्रत राहते.

ई-पुस्तक असेल तर एका वेळी किती जणांना उघडता येतं ते आधी बघा. परवाना एकाचा आणि वर्ग साठांचा, असं बऱ्याचदा असतं.

आणि 'इथे क्लिक करा' लिहू नका. लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष लिहा. लिंक मेली तरी शोधता येतं. त्या चौदांपैकी बारा लेख मी एका दिवसात पुन्हा लावून दिले. उरलेल्या दोनांपुढे फक्त 'इथे क्लिक करा' होतं, आणि ते कोणते लेख होते हे सरांनाही आठवेना.