सेकंडहँड सुपरकार घेताय? इंजिनचं कौतुक नंतर, आधी गिअरबॉक्स बघा

जुनी फेरारी किंवा निसान जीटीआर बघायला गेलं की आपण एक्झॉस्ट ऐकतो, पेंट बघतो, टायर बघतो आणि गिअरबॉक्सचं विचारल्यावर मालक "एकदम मक्खन" म्हणाला की मान डोलावतो. आणि खिसा नेमका तिथेच कापला जातो. तर मुंबईत घेत असाल, नाहीतर दुबई-अमेरिकेत राहून तिथे घेत असाल, टोकन देण्याआधी एवढं करा.

सगळ्यात आधी गाडीत कुठला बॉक्स आहे ते बघा. "पॅडल शिफ्ट आहे" यावरून काहीच कळत नाही. फेरारी ३६० आणि एफ४३० मधला एफ१ गिअरबॉक्स म्हणजे मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच पायाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो. १९९७ साली एफ३५५ मध्ये तो पहिल्यांदा आला. लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ई-गिअर त्याच जातीचा, आणि अव्हेंटाडोर तर २०२२ पर्यंत सिंगल क्लचवरच चालली. दुसरी जात ड्युअल क्लचची (एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा गिअर), म्हणजे फेरारी ४५८, लॅम्बोर्गिनी हुराकान, पोर्श ९११ चा पीडीके गिअरबॉक्स, निसान जीटीआर. दोघांची दुखणी वेगळी आणि बिलंही वेगळी.

एफ१ वाली असेल तर गाडी सुरू करू नका, नुसतं ड्रायव्हरचं दार उघडा. मागून पंपाची घुर्रर्र ऐकू येईल, काही सेकंदांत प्रेशर भरलं की थांबेल, हे नॉर्मल. पण नंतर गिअर न बदलता उभ्या गाडीत तो सारखा सारखा चालू व्हायला लागला तर अॅक्युम्युलेटर (प्रेशर साठवणारा डबा) गेलाय किंवा कुठेतरी लीक आहे. यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे पंपाचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा छोटा स्विच. पार्ट अगदी किरकोळ, पण तो चिकटून बसला की पंप थांबतच नाही, चालून चालून जळतो, आणि पंपाचं बिल हजारो डॉलरमध्ये. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या रिले बदलून टाका, चांगला असला तरी.

मग डायग्नोस्टिक टूल लावून क्लच किती टक्के झिजलाय ते काढायला सांगा. मात्र त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको, कारण नवा क्लच बसवताना सिस्टिमला त्याची नवी पोझिशन शिकवली नसेल तर टक्केवारी चुकीचीच येणार. क्लच बदलल्याचं बिल मागा आणि त्यावरचे किलोमीटर बघा. आणि किलोमीटर कमी म्हणजे क्लच चांगला असं अजिबात नाही हं. बेसमेंट पार्किंगच्या रँपवर रोज इंच इंच रिव्हर्स घेणाऱ्याने कमी किलोमीटरमध्ये क्लच संपवलेला असतो आणि हायवेवर पळवणाऱ्याचा मस्त टिकलेला असतो. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीमागे रांगत राहणं हेच या क्लचचं मरण. थोडी जागा होऊ द्या, मग गाडी एकदाच नीट पुढे घ्या, थांबलात की न्यूट्रल.

ड्युअल क्लचमध्ये क्लच तेलात बुडालेले असतात त्यामुळे ते तसे टिकतात, पण मग सगळा खेळ तेलाचा, सेन्सरचा आणि सोलेनॉइडचा (तेलाचा रस्ता उघड-बंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह). आर३५ जीटीआरचंच घ्या. २००७ च्या शेवटी जपानमध्ये आली, लोकांनी व्हीडीसी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करून साडेचार हजार आरपीएमवर लाँच कंट्रोल (उभी गाडी एका झटक्यात सुसाट सोडणं) मारायला सुरुवात केली आणि बॉक्स तुटायला लागले. अमेरिकेत नव्या बॉक्सचा खर्च वीस हजार डॉलर सांगितला जायचा, वर वॉरंटीही नाकारली जायची. शेवटी निसानने सॉफ्टवेअर बदलून लाँचचे आरपीएम तीन हजारांच्या आसपास आणले. म्हणून सुरुवातीच्या वर्षांची गाडी असेल तर ते अपडेट झालंय का, लाँच किती मारलेत आणि गिअर ऑइल कधी कधी बदललंय हे कागदावर बघा, तोंडी नको. न्यूट्रलमध्ये उभी असताना पुढून खडखड येत असेल तर घाबरून पळू नका, जुन्या जीटीआरमध्ये ते बऱ्याचदा बेलहाउसिंगचं (इंजिनाच्या मागे बसवलेल्या कव्हरचं) बेअरिंग असतं. गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ असतो, त्याचा या आवाजाशी संबंध नाही. पण मधूनच एकाआड एक गिअर गायब होत असतील, म्हणजे नुसते एक-तीन-पाच किंवा नुसते दोन-चार-सहा मिळत असतील, तर सरळ निघा.

पीडीके या सगळ्यात शहाणा, पण त्यातही आत बसलेला डिस्टन्स सेन्सर (गिअर कुठे सरकलाय ते सांगणारा) बिघडतो, डॅशवर गिअरबॉक्सची वॉर्निंग येते आणि कधी रिव्हर्सच पडत नाही. गिअर, क्लच सगळं धडधाकट, बिघडलाय एक सेन्सर, आणि कोटेशन येतं अख्ख्या नव्या गिअरबॉक्सचं! फेरारी कॅलिफोर्निया आणि ४५८ मध्येही सेन्सरवरून हेच घडत आलंय. त्यामुळे कोटेशन हातात पडलं की पहिला प्रश्न, फॉल्ट कोड काय आला? त्याची प्रिंट घ्या. दुसरा प्रश्न, नेमका कुठला पार्ट गेलाय आणि तो सुटा मिळतो का? तिसरं, बॉक्स उघडून रिपेअर करणाऱ्या स्पेशालिस्टकडून दुसरं कोटेशन. अमेरिका-युरोपात असे लोक भरपूर आहेत. आपल्याकडे बॉक्स उघडणारे हात मोजके, पार्ट बाहेरून येणार, वर कस्टम ड्युटी, आणि तोवर गाडी लिफ्टवर. म्हणून भारतात घेताना वॉरंटी चालू आहे का हे रंगापेक्षा महत्त्वाचं. फेरारीच्या न्यू पॉवर१५ या वाढीव वॉरंटीमध्ये गाडीच्या पंधराव्या वर्षापर्यंत गिअरबॉक्स कव्हर होतो, तो घेता येईल का ते डीलरला गाडीचा नंबर देऊन विचारा.

टेस्ट ड्राइव्ह थंड गाडीवर सुरू करा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर का ते विचारा. पुढे अर्धा तास तरी चालवा, कारण बऱ्याच गडबडी तेल तापल्यावरच दिसतात, आणि परत आल्यावर हलक्या चढावर एकदा रिव्हर्स घेऊन बघा, थरथरते का, वास येतो का. एफ१ वाल्या गाडीत क्लच अर्ध्याच्या वर झिजलेला निघाला तर नव्या क्लचचे पैसे, अमेरिकेत मजुरीसकट पाच-सहा हजार डॉलर धरून चाला, किमतीतून वजा करायला सांगा. मालक नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या.